कॉइलमधला पाय

रामटेके काका माणूस भेटला की आधी त्याच्या पायांकडे बघायचे, चेहऱ्याकडे नंतर. मी एका खासगी दवाखान्यात एमआरआय विभागात तंत्रज्ञ म्हणून नवीनच लागले होते आणि हे गृहस्थ दुरुस्त केलेली गुडघ्याची कॉइल काखेत धरून दारात उभे. नजर माझ्या पोटऱ्यांवरून हलेना. मी चांगलं सुनावणार, तेवढ्यात म्हणाले, "मॅडम, जरा पाय देता का? रिकामी कॉइल झूठ बोलते." सुरात इतकी निकड होती की माझा राग तोंडातल्या तोंडात विरला. मी सलवार वर सरकवून मुकाट्यानं पाय दिला. "वा," ते म्हणाले, "आमच्या घरच्या पायात आन् तुमच्यात उन्नीस-बीसचा फरक." घरचा पाय म्हणजे काय, ते मला पुढे कळलं.

कॉइल म्हणजे गुडघ्याभोवती बसणारा प्लास्टिकचा पिंजरा. आत तांब्याच्या पट्ट्या. शरीरातून येणारी अगदी क्षीण रेडिओलहर तिनं ऐकायची. पण आत पाय घातला की तिचा स्वतःचाच सूर बदलतो, भरल्या पायाला वेगळा, बारीक पायाला वेगळा. काका तिला टेबलावरच्या यंत्राला जोडत. पडद्यावर एक रेघ उमटे आणि रेघेत एक दरी. दरी ठरल्या जागी आली की ट्यूनिंग जमलं. ती खोल गेली की मॅचिंग जमलं, म्हणजे कॉइलनं ऐकलेलं वाटेत न अडता पुढे पोचणार. हा सगळा कारभार एक-दोन इवल्या स्क्रूंवर चालायचा आणि त्या स्क्रूंवर काकांचा हात फार हलका होता.

मनीषनगरातल्या त्यांच्या घराची पुढची खोली हेच वर्कशॉप. बाकीचे लोक मिठाच्या पाण्याची बाटली आत ठेवून तपासणी करतात. काकांकडेही ती होती, पण तिच्यावर त्यांचं मन बसेना. "बाटलीले हाड आहे का? मास आहे का?" म्हणून शेवटची तपासणी शीलाकाकूंच्या उजव्या पायावर. काकू लोखंडी खुर्चीत बसून, पाय कॉइलमध्ये देऊन मेथी निवडायच्या. पाय हलू नये म्हणून काका भोवतीनं फोमचे तुकडे खोचायचे.

"यायले माही याद गुडघ्यापुरतीच येते," काकू मला सांगायच्या.

काका पडद्यावरून नजर न काढता म्हणायचे, "मंग? पुऱ्या विदर्भाचे गुडघे तुह्या पायावर चालून राहिले." काकू लाजून मेथीत तोंड खुपसायच्या. दोघांचं असं छान चाललं होतं.

मागच्या थंडीत आमची कॉइल बिघडली. काकांनी ती दुरुस्त करून आणली, तरी स्कॅनच्या चित्रात दाणे दिसत राहिले. मी फोन केला तर उसळले. "घरून फर्स्टक्लास निघाली होती. तुमी लोकं काय करून राहिले तिकडं?" कॉइल घेऊन गेले, कपॅसिटर बदलले, परत आणली. दाणे तसेच. मग दुसऱ्या दवाखान्यांतूनही कॉइली परत येऊ लागल्या आणि एका ठिकाणानं तर काम सरळ मुंबईला पाठवायला सुरुवात केली. काकांनी कपॅसिटर देणाऱ्याशी फोनवर भांडण काढलं. फोमलाही दोष दिला. "दबून जाते, हलका माल येऊन राहिला," म्हणत ते दर खेपेला नवा तुकडा खोचत. दरी उजवीकडे सरकत होती आणि ते स्क्रू फिरवून तिला जागेवर ओढत होते.

शेवटी एका दुपारी मीच मनीषनगरला गेले. काकूंचा पाय कॉइलमध्ये, मांडीवर भाजी, पडद्यावर दरी अगदी जागच्या जागी. "पाह्य," काका म्हणाले, "यात काय खोट आहे?"

"माझा पाय घालून बघा."

घातला. दरी डावीकडे घसरली आणि उथळ झाली. काकांनी स्वतःचा पाय घातला, तरी तेच. मग त्यांनी कपाटामागून धुळीनं माखलेली बाटली काढली. तिनंही आमच्यासारखंच दाखवलं. काका जमिनीवर पडलेल्या फोमच्या तुकड्यांकडे बघत राहिले. माझ्या पायाला त्यातला एकही लागला नव्हता. मग ते काकूंपाशी गेले, खाली बसले आणि त्यांनी साडीचा काठ वर केला. काकू तो खाली ओढू लागल्या. नडगीवर मांस म्हणून उरलं नव्हतं.

"कवापासून वं?"

"जेवण जात नाही जी. पोटात दुखत राहते."

"मंग सांगतलं काहून नाही?"

काकूंना खरंच नवल वाटलं. "मले वाटलं तुमाले दिसत असन. पाय तर तुमच्याच हातात असते."

निदान पोटाच्या कॅन्सरचं निघालं, तेही पसरलेल्या. वजन कधीपासून उतरतंय, डॉक्टरांनी विचारलं. काकूंना सांगता येईना. काका म्हणाले, "दिवाळीच्या आधीपासून. तवाच पयल्यांदा स्क्रू जास्त फिरवा लागला." डॉक्टर माझ्याकडे बघू लागले. बाहेर बाकावर बसल्यावर काका म्हणाले, "मशीन सांगून राहिली होती. मी तिचंच तोंड बंद करून राहिलो." मला त्यांची दया आली आणि संतापही आला. कपॅसिटर बदलतो, फोम बदलतो, बायको मात्र बदलणार नाही, असं या माणसानं धरूनच ठेवलं होतं. तो संताप अजून पुरता गेलेला नाही, आणि काकांइतकं जीव लावणारं माणूसही मला दुसरं भेटलेलं नाही.

उन्हाळ्यात काकू गेल्या. काका रडले नाहीत. पुण्यानुमोदनाला आलेल्या प्रत्येकाला चहा विचारत फिरत होते. नंतर मात्र ते दवाखान्या-दवाखान्यांतून हिंडले. "माह्या हातून चुकीच्या लागल्या आहेत, द्या परत," असं सरळ सांगून त्यांनी दिवाळीच्या आधीपासूनच्या सगळ्या कॉइली गोळा केल्या आणि मला बोलावणं धाडलं. गेले, तर पहिल्या कॉइलमध्ये बाटली ठेवलेली, शेजारी स्क्रू फिरवायचा प्लास्टिकचा पेचकस.

"तू फिरव वं," ते म्हणाले. "हे तिच्या पायावर लावलेलं आहे. माह्या हातानं नाही मोडत."

ते भिंतीकडे तोंड करून बसले. मी स्क्रू हळूहळू फिरवत गेले. दरी सरकली, खोल झाली, जागेवर आली.

"बसली?" त्यांनी न वळता विचारलं.

"बसली."

तेव्हा काका रडले. लहान पोरासारखे, मोठ्यानं. टेबलावर अजून कॉइली होत्या. मी पुढची ओढली.