कोरडा फिल्टर

गौतम गेल्याचा फोन आला तेव्हा मी गॅरेजात एका गाडीचा क्लच खोलून बसलो होतो. पलीकडं त्याच्या धाकट्या भावाचा आवाज. "दत्ताभाऊ, दादा गेला. सकाळी कामावर निघायच्या आधी... बूट घालत होता." मी "येतो" म्हणालो, फोन ठेवला आणि क्लच पुरा बसवला. गिऱ्हाईक थांबलं होतं, असं कारण मी पुढं सगळ्यांना दिलं. खरं हे, की त्या क्षणी मला दुःख झालंच नाही. सुटलो, असं वाटलं. त्या वाटण्याची लाज पोचायला कार्ल्यापर्यंतचा रस्ता लागला.

त्याच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला विहाराबाहेरच्या मांडवात जागा पुरली नाही. फोटोत गौतम हेल्मेट काखेत धरून उभा होता. बोलणारे बोलत होते. त्याच्या कारखान्यातला एक जण उठला आणि म्हणाला, "लय मोठा माणूस, पण इसरभोळा बरं का. चॅम्पियनशिप हातात आलती, आन् ह्यो गडी फिल्टरला त्याल लावायचं इसरला! आमी त्याला बिनतेल म्हणायचो, तर त्यो पण हसायचा." रडणारी माणसंसुद्धा हसली. मीही हसलो. पुढच्या रांगेत सुजातावहिनी, गौतमची बायको, खाली बघत हसल्या... आणि मला तिथं उठून सांगायचं होतं, की तो विसरला नव्हता. उठलो नाही. चौदा वर्षांत उठलो नाही, त्या दिवशी कसा उठणार. म्हणून हे लिहितोय.

आम्ही दोघंही हौशी. तो कार्ल्याचा, कारखान्यात फिटर. मी औंढ्याचा, लोणावळ्यात दुचाक्यांचं गॅरेज. आठवडाभर नोकरी-धंदा आणि रविवारी मातीत गाडी पळवायची, हे आमचं वेड. भात निघालं की मावळातली खाचरं रिकामी पडतात. त्यांतलीच सात-आठ खाचरं जोडून, चुन्याची फक्की मारून, वळणांवर पेंढ्यांच्या गाठी लावून रेसचा ट्रॅक व्हायचा. हंगामाची शेवटची फेरी, ज्यात विजेता ठरायचा, ती आमच्या घरच्या रानात असायची. आबा, म्हणजे माझे चुलते, त्या दिवशी खुर्ची टाकून लग्नातल्या वरबापासारखे बसायचे.

ज्या वर्षाबद्दल सांगायचंय त्याच्या आदल्या वर्षी त्या रानात मी पहिला आलो. म्हणजे रेषेवर पहिला आलो. तिसऱ्या वळणाला गंजीच्या आडून पुढचा बांध ओलांडला की अर्धं वळण वाचतं आणि झेंडेवाल्याला दिसत नाही, हे मला माहीत होतं. रान माझंच होतं. मी दोनदा बांध कापला. दुसऱ्या वेळी गौतम त्याच वळणावर पडलेला होता, गाडी उचलत होता. त्यानं बघितलं. कुणीतरी तक्रार केल्यावर पंचांनी सगळ्यांदेखत त्याला विचारलं, "यानं बांध कापला का?" गौतमची रेस संपली होती. खरं सांगून त्याला काही मिळणार नव्हतं, आणि खोटं सांगून काही जाणार नव्हतं. तो माझ्याकडं बघत म्हणाला, "व्हय. कापला." मला बाद केलं. नंतर मी त्याला बाजूला घेतलं, तर म्हणतो कसा, "दत्ता, तू मला आदी इचारलं असतंस ना, न्हाई सांगू का म्हणून, तर मी तुला तितंच सांगितलं असतं... मला जमायचं न्हाई."

आता जे लिहितोय ते लिहायला जड जातंय. आमच्यापैकी दुसरं कुणी असं बोललं असतं, तर मी चार दिवस फुगून बसलो असतो आणि विसरलो असतो. पण गौतम बौद्धवस्तीतला. आमच्या घरी तो यायचा, चहा प्यायचा, ओट्यावर. त्यानं आमच्या रानात, आमच्या माणसांपुढं माझ्याविरुद्ध तोंड उघडावं, हे झोंबलं. आबा त्या संध्याकाळी जेवताना एवढंच म्हणाले, "आपल्याच रानात आपल्याला त्यानं भाईर काढला. लय भारी दोस्त केलास." मी ताट सारून उठलो. त्या ताटावरच ठरलं होतं बहुतेक.

मी वर्षभर थांबलो. लोक म्हणतात सूड म्हणजे संताप. खोटं आहे. संताप दोन दिवसांत उतरतो. सूड सवयीचा होतो, रोजच्या चहासारखा. मी रेस सोडली आणि गौतमला म्हणालो, "मी तुझी गाडी बघतो." तो इतका खूश झाला, की माझा हात सोडेना. गाव म्हणायचं, दत्ताचं मन बघा केवढं. मी वर्षभर त्याची गाडी जीव लावून सांभाळली. व्हॉल्व्ह लावले, सस्पेन्शन बसवलं. गाडी अशी पळायची, की बघत राहावं. मला ती तशीच हवी होती. त्याला वरून पाडायचं होतं.

शेवटच्या फेरीला गौतम पहिल्या नंबरवर होता, कोल्हापूरच्या एका पोराच्या अगदी थोडा पुढं. त्यानं फायनल पुरी केली आणि त्या पोराच्या पुढं राहिला, की चॅम्पियन. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे एका कंपनीच्या रेसिंग टीमचा माणूस बघायला आला होता. नवीन रायडरना शिकवायला त्यांना कुणीतरी हवं होतं. गौतमचं वय चौतिसाला टेकलेलं. "कारखान्यातलं घड्याळ बघून जगायचं बंद करीन बघ," तो शनिवारी सकाळी म्हणाला. सरावात त्याची चेन उतरली, तो चिडला, हेल्मेट आपटलं. दुपारच्या हीटला, म्हणजे फायनलआधीच्या फेरीला, शेवटून दुसरा सुटला आणि दुसरा आला. उतरल्या उतरल्या धुळीनं भरलेल्या दातांनी हसत ओरडला, "दत्ता, ही गाडी हाय का वारं रे!" मी हसलो. मनात म्हटलं, हस.

मातीत पळणाऱ्या गाडीच्या एअर फिल्टरला स्पंज असतो. धुवायचा, वाळवायचा, मग खास तेलात भिजवून पिळायचा. त्या चिकटपणात धूळ अडकते. स्पंज कोरडा राहिला, तर खाचरातली पिठासारखी धूळ आरपार जाते आणि कार्ब्युरेटरमध्ये बसते. शनिवारी संध्याकाळी मी फिल्टर धुतला. वाळवला. तेलाची बाटली शेजारीच होती. तसाच बसवला. मी काही तोडलं नाही, काही कापलं नाही... फक्त एक काम केलं नाही. इतकं सोपं होतं ते. रविवारी सकाळी त्यानं विचारलं, "समदं झालं ना?" मी म्हटलं, "झालं."

फायनलला तो सुटला तो पहिलाच. निम्म्या रेसपर्यंत मागच्याला त्याची धूळसुद्धा लागत नव्हती. मग आवाज बदलला. मला आधी कळलं, कारण मी त्याचीच वाट बघत होतो. मला वाटलं होतं इंजिन दमेल, तो मागं पडेल, तोंड पाडून माझ्याकडं येईल. एवढंच मला बघायचं होतं. पण धुळीनं अ‍ॅक्सिलेटर उघडाच अडकला. तिसऱ्या वळणाला, त्याच बांधापाशी, त्यानं मूठ मागं फिरवली, पण गाडीचा वेग उतरला नाही. बांधावरून ती उडाली, गंजीत घुसली. आबा खुर्चीतून उठून उभे राहिले. मी पळालो नाही. चालत गेलो... तेवढ्या चार-दोन पावलांत मला गोड वाटलं होतं, हे कबूल करतो. मग तो हलेना, तेव्हा पळालो.

गळ्याजवळचं हाड मोडलं होतं. खांदा धरून तो बसला, आणि शुद्धीवर आल्यावर पहिलं काय केलं? एका हातानं सीट काढली, फिल्टर ओढून काढला आणि अंगठ्यानं चोळला. कोरडा. भुरकी धूळ झडली. त्यानं माझ्याकडं बघितलं. टीमचा माणूस, पंच, सगळे जमले होते. "काय झालं?" कुणीतरी विचारलं. मी वाट बघत होतो. आदल्या वर्षी विचारल्यावर खरं सांगणारा माणूस होता तो. माझ्यावरनं नजर न काढता तो म्हणाला, "त्याल लावायचं ऱ्हायलं. माझ्याकडनं." त्याच्या तोंडून मी ऐकलेलं ते एकच खोटं. टीमचा माणूस हळहळला आणि म्हणाला, "जो स्वतःच्या गाडीकडं बघत नाही, तो दुसऱ्याला काय शिकवणार?" आणि गेला. फिल्टर गौतमनं जॅकेटच्या खिशात घातला.

काहींना ही माफी वाटेल. मला तशी वाटली नाही. त्यानं मला मारलं असतं, चार माणसांत शिव्या घातल्या असत्या, तर हिशेब मिटला असता. त्यानं मिटू दिला नाही. रेस त्यानं सोडली, डावा हात खांद्याच्या वर जाईना, पण गाडी ठेवली. आणि दर पावसाळा संपला की नवा स्पंज घेऊन माझ्या गॅरेजात यायचा. स्टुलावर बसायचा, चहा मागवायचा आणि म्हणायचा, "दत्ता, त्याल लाव." मी लावायचो. तो बघत राहायचा, शेवटचा थेंब पिळेपर्यंत. एकदा मी चिडून म्हणालो, "गौतम, तुला काय बोलायचंय ते बोल एकदा!" तो हसला. "मी कुटं काय म्हंतोय? चांगला पीळ." चौदा वर्षं. मी त्याचा राग करायचो, आणि ऑक्टोबर उलटून तो आला नाही तर रस्त्याकडं बघत बसायचो.

कार्यक्रम संपल्यावर सुजातावहिनींनी मला आत बोलावलं. हातात स्टीलचा गोल डबा दिला, झाकणाला चिकटपट्टी लावलेला. "दत्ताभाऊ, हे तुम्हालाच द्यायचं असं सांगून ठेवलं होतं त्यांनी. कपाटात होता, मला हात लावू देत नव्हते." त्या पुढं म्हणाल्या, "आणि एक निरोप. त्याला म्हणावं, याला तेल लावू नको. कशाचं तेल हो, भाऊ?"

"गाडीचं," मी म्हणालो. एवढंच.

वहिनी पेपरातली रविवारची पुरवणी वाचतात, मला माहीत आहे, म्हणून हे तिथंच छापायला देतोय. तर वहिनी, हे त्या तेलाचं उत्तर. तुमचा नवरा विसरभोळा नव्हता. त्याला बिनतेल म्हणणाऱ्यांना हे वाचून दाखवा, नाहीतर मला बोलवा, मी त्याच मांडवाच्या जागी उभा राहून वाचतो. नंतर तुम्ही माझं तोंड बघू नये म्हणालात, तर तेही बरोबर.

डबा गॅरेजात फळीवर आहे. त्या रात्री घरी जायच्या आधी मी तो उघडला. आत तोच स्पंज, आमच्या रानातली धूळ अजून त्यात तशीच, आणि मधोमध त्याच्या अंगठ्याची चोळलेली खूण. विचार करायच्या आधीच माझा हात तेलाच्या बाटलीकडं गेला होता. बूच उघडलंसुद्धा... गौतमनं मला किती ओळखलं होतं. मी बाटली खाली ठेवली. झाकण लावलं, आणि स्टूल ओढून त्याच्यापुढं बसून राहिलो, तो बसायचा तसा.