कळण्याला डाळ म्हणत नाहीत

नवऱ्याच्या किडन्या निम्म्याहून जास्त निकामी झाल्यात, हे बुलडाण्याच्या डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा मी एवढंच विचारलं, "खायला काय द्यायचं?" डाळ नावापुरती, मीठ अगदी कमी. एवढं करूनही पुढचा रिपोर्ट बिघडला, तर डायलिसिसची तयारी.

मी वरण पातळ केलं. लोणचं, पापड माळ्यावर टाकले. भेटायला येणारे ब्रेड घेऊन यायचे. आजारी माणसाला तो हलका, असं सगळ्यांना वाटतं. त्यात मीठ असतं, हे सांगून माझं तोंड दुखलं. "गोड लागते वो तो," म्हणत पुडा ठेवून जायचे. घरात ब्रेड बंद, असं मी नवऱ्याला बजावलं.

पुढचा रिपोर्ट आला आणि क्रिएटिनिन वाढलेलंच. डॉक्टर म्हणाले, डायलिसिसआधी आता एकच संधी. आहार सांगणाऱ्या बाईंनी त्याला विचारलं, "डाळ खाता?"

"नाही."

"बाहेर कुठं जेवता?"

"बाहेर कायले? दुपारी शेतातून भावाच्या घरी जातो, भाकर खातो. तेवढंच."

"कशाची भाकर?" हे मी विचारलं.

"कशाची म्हंजे? कळण्याची."

ज्वारीत उडीद टाकून दळलेलं, वर मीठ घातलेलं. मी घरी डाळीचे दाणे मोजत होते आणि हा माणूस रोज दुपारी उडीद खात होता.

तिथूनच देऊळघाटला जावेकडे गेले. ती भांडी घासत होती.

"डाळ नाही देली वो मी," ती म्हणाली. "तू सांगितल्यापासून भाऊजीच्या ताटात वरण वाढलं नाही."

"मग उडीद काय आहे?"

"उडीद उडीद हाय. दळल्यावर भाकर झाली ना."

तिला तरी काय बोलणार? आमच्याकडे कळण्याला कोणी डाळ म्हणत नाही. साध्या ज्वारीची भाकर कर म्हटलं, तर हात थांबवून म्हणाली, "घरच्या माणसाले कोरडी भाकर घालू? लोकं म्हनतीन हात आखडला."

दुसऱ्या दिवसापासून मी त्याची दुपारची भाकर फडक्यात बांधून द्यायला लागले. जाऊ माझ्याशी बोलत नाही. तो म्हणतो, वहिनीचं मन दुखावलं. दुखू दे. तिची समजूत सणावारी काढीन.

तो भाकर चावतो आणि भिंतीकडे पाहतो. "मातीची चव हाय हिले."

"खा."

पुढचं रक्त तपासायचं आहे. काल त्याचा सदरा धुवायला घेतला, तर खिशात चुरा. मी चुरा तळहातावर घेऊन त्याच्यासमोर धरला.

"ब्रेड बंद म्हटलं होतं ना?"

"हा कायचा ब्रेड?" तो म्हणाला. "टोस हाय तो."