शेवटचं कडवं

सून माझ्या पायांना मोहाचं तेल चोळते, तेव्हा त्या वासानं मला दरेकशाची शांतामावशी आठवते. पाय गेल्यानं ती बिचारी वर्षभर खाटेवर होती; तिलाही हेच तेल चोळायचे. मी तेव्हा बावीस वर्षांची, दाढदुखीपलीकडे दुखणं ठाऊक नसलेली. तरी दुःखावर गीत रचलेलं! पेटी वाजवत तिच्यापुढे ऐटीत गात होते.

"पोरी, ते 'प्रभू पहाट करील' वालं शेवटचं कडवं नको गाऊ," ती म्हणाली. "माही पहाट काही होऊन नाही राहिली."

मला वाटलं, मावशीचा विश्वास कमी पडला. म्हणून मी शहाणीनं ते कडवं दोनदा गायलं, वरच्या पट्टीत. तिनं भिंतीकडे तोंड फिरवलं.

आता माझेच पाय गेलेत. ते कडवं खोडलं. त्या जागी काय लिहू, हे रोज प्रार्थनेत विचारते. पण देवालाही काही सुचून नाही राहिलं.