आज काय बिघडनं

संध्याकाळी ऑफिस सुटायची वेळ झाली की किशोरभाऊ पाण्याचा स्टीलचा पेला रिकामा करून टेबलावर उपडा घालत आणि त्याला टेकवून मोबाईल उभा करत. मग शर्टाची कॉलर चाचपून मोबाईलकडे बघत म्हणत, "राम राम मंडळी. आज काय बिघडनं ते सांगस." पुढची काही मिनिटं, त्या दिवशी आपल्या हातून प्रोग्राममध्ये काय चूक झाली, ती कशी सापडली आणि सापडेपर्यंत आपण कुणाकुणावर संशय घेतला, हे सगळं ते अहिराणीत सांगत. आम्ही मागे बॅगा आवरत असायचो. खुर्ची सरकवायची नाही आणि हसायचं नाही, एवढ्याच अटी होत्या. दुसरी अट पाळणं फार अवघड जायचं.

आमचं ऑफिस जळगावात. खाली शेठजींचं पाइप आणि नळांचं दुकान, वर त्यांचीच सॉफ्टवेअर कंपनी. मी तिथे नवी लागले तेव्हा किशोरभाऊ सगळ्यांत जुने होते. शिंदखेड्याजवळच्या खेड्यातले शेतकऱ्याचे चिरंजीव. अंगानं शिडशिडीत, चहा बशीत ओतून पिणारे, आणि कुणी अडलं की स्वतःचं काम अर्धवट टाकून त्याच्या शेजारी येऊन बसणारे. त्यांच्यावर चिडणं मला कधी जमलं नाही, आणि चिडायची कारणं ते भरपूर देत.

त्यातलं पहिलं कारण म्हणजे ब्रँड. शहरातल्या एका हॉटेलात कुठलंसं व्याख्यान होतं. सुटाबुटातल्या वक्त्यानं सांगितलं की आजच्या इंजिनिअरनं नुसतं काम करून भागत नाही, त्यानं स्वतःचा ब्रँड उभा करावा. किशोरभाऊंनी ते फारच मनावर घेतलं. चुलतभावाच्या लग्नात शिवलेला निळा कोट घालून, हाताची घडी घालून स्टुडिओत फोटो काढून आणला. त्या फोटोत ते एखाद्या पतसंस्थेच्या निवडणुकीला उभे असल्यासारखे दिसत होते. मग रोज सकाळी चिकाटी, ध्येय, नेतृत्व अशा विषयांवर इंग्रजीत चार ओळी टाकायला लागले. वाचणारे आम्ही तिघं. मी, त्यांचा मेहुणा आणि विमा विकणारा एक अनोळखी गृहस्थ.

एकदा खाली चहा पिताना मी विचारलंच की भाऊ, हे सगळं कशासाठी? मला वाटलं होतं, मोठी कंपनी वगैरे म्हणतील. त्यांनी बशीत चहा ओतला. मग म्हणाले, गावात आबांना लोक विचारतात, मुलगा काय करतो? शेजारच्यांचा पोलिसात आहे, पलीकडच्यांचा मास्तर आहे. ते एका शब्दात सांगून मोकळे होतात. आबा म्हणतात, कम्प्युटरवर बसतो. पुढे कुणी विचारलं की गप्प होतात. "माझ्या बापाला सांगायला एक वाक्य पाहिजे, ताई. बाकी मला काही नको," असं म्हणून त्यांनी बशी तोंडाला लावली. त्या दिवसापासून मी त्यांच्या निळ्या कोटाला हसणं सोडलं.

पुढे त्यांनी इंग्रजीत एक व्हिडिओही केला आणि गावी पाठवला. आबांना इंग्रजीतलं अक्षरही कळेना, तरी त्यांनी तो दोनदा बघितला आणि फोन करून म्हणाले, "तू चांगला बोलना. पन काय बोलना?" किशोरभाऊ दिवसभर खट्टू होऊन बसले. दुसऱ्या दिवशी त्यांनी अहिराणीत बोलायचं ठरवलं. पण घरच्या बोलीत स्वतःची तारीफ करायला गेलं की जीभ वळेना. चार वेळा सुरुवात केली, चारही वेळा स्वतःच हसत सुटले. शेवटी, आज जे बिघडलं होतं तेच सांगून टाकलं.

ते मात्र लोकांनी उचलून धरलं. धुळ्या-शिरपूरची इंजिनिअरिंगची पोरं बघायला लागली, पुण्यात नोकरी करणारे खान्देशी बघायला लागले. ऑफिसात फोन यायचे, "आज काय बिघडनंवाले भाऊ आहेत का?" दुकानदार कधी आपल्या तोंडानं आपला माल खराब म्हणतो का, असं शेठजी आधी कुरकुरले. पण त्या फोनांमधून नवी कामं यायला लागली तशी त्यांची कुरकुर थांबली, आणि तेही हळूच व्हिडिओ बघायला लागले.

गडबड झाली ती गावात. आता आबांना मुलाचं बोलणं शब्दन्‌शब्द कळत होतं, आणि साऱ्या गावालाही. पारावर लोक विचारायला लागले, "आबा, तुना पोऱ्या रोज चुकस, तरी त्याले पगार देतस?" ज्या वाक्यासाठी एवढी धडपड केली, त्याच्या जागी हे आलं. आबांनी फोनवर एवढंच सांगितलं, "चुकाचुकीनं गावले नको सांगू. लोके माले हासतस." किशोरभाऊंनी त्याच दिवशी व्हिडिओ बंद केले. बघणाऱ्यांनी किती विनवलं, मीही भांडून पाहिलं. ते म्हणाले, नाव माझं होतंय आणि मान बापाची खाली जातेय, असला ब्रँड काय चाटायचाय?

काही दिवसांनी आबा डोळे तपासायला जळगावला आले. तपासणी आटोपली, पण परतीच्या गाडीला अवकाश होता, म्हणून ऑफिसात येऊन बसले. पांढरी टोपी, धोतर आणि मुलासारखीच शिडशिडीत अंगकाठी. तेवढ्यात रावेरहून फोन आला. केळीच्या पॅकिंगवाल्याकडे आमच्या सॉफ्टवेअरवर वजनकाटा चालायचा. आदल्या दिवशी किशोरभाऊंनी त्यात सुधारणा केली होती, आणि आता काट्यावर ट्रॅक्टर चढला की कम्प्युटर जागीच अडकत होता. वजनाची पावती निघेना, मागे ट्रॅक्टरांची रांग लागलेली आणि उन्हात केळी. फोनवरचा माणूस तोंडाला येईल ते बोलत होता.

किशोरभाऊ कामाला बसले. वायर तपासायला लावली, प्रिंटर बदलायला लावला, मग स्वतःचा प्रोग्राम पहिल्या ओळीपासून वाचायला घेतला. मी चहा आणून ठेवला, तो तसाच गार झाला. आबा मागच्या खुर्चीवर हात मांडीवर ठेवून बघत होते. त्यांची गाडी गेली. तरी दोघंही उठले नाहीत.

आणि एकदम किशोरभाऊंनी कपाळावर हात मारून घेतला. पावती व्यवस्थित दिसावी म्हणून त्यांनी ट्रॅक्टरच्या नंबरासोबत ट्रॉलीचाही नंबर घातल्याशिवाय प्रोग्राम पुढे सरकणार नाही अशी सोय करून ठेवली होती, आणि तसं पडद्यावर कुठे लिहिलं मात्र नव्हतं. इकडच्या ट्रॉल्यांना नंबर कुठून असणार? आबांना त्यांनी समजावून सांगितलं. आबा ऐकत राहिले आणि मग असे हसायला लागले की टोपी सावरावी लागली. "आपली ट्रॉलीले तरी कोठे नंबर शे?"

ती अट काढून टाकल्यावर रावेरला पावती निघाली. फोनवरचा मघाचा माणूस आता भाऊ-भाऊ करत होता. आबांनी डोळे पुसले आणि विचारलं, "तुले पगार बिघाडाना भेटस का शोधाना?"

"शोधाना, आबा."

"मंग बरं शे." आबांनी टेबलावरचा मोबाईल उचलून मुलाच्या हातात दिला. "आते सांग ना लोकेस्ले."

त्या संध्याकाळच्या व्हिडिओत किशोरभाऊंनी ट्रॉलीच्या नंबराची गोष्ट पहिल्यापासून सांगितली. आम्ही मागे बॅगा आवरायच्या सोडून ऐकत उभे होतो.

त्याच व्हिडिओमुळे पुण्याच्या एका कंपनीनं त्यांना बोलावून घेतलं. त्यांच्या जाण्याचा आनंद झाला असं मी सगळ्यांना सांगितलं, पण ते निम्मंच खरं होतं. माझ्या शेजारी येऊन बसणारं आता ऑफिसात कुणी राहणार नव्हतं. निघायच्या दिवशी मी बसस्टँडवर गेले. आबाही गावाहून आले होते. किशोरभाऊ खिडकीत बसले होते, आबा खाली खिडकीची दांडी धरून उभे. शिंदखेड्याकडचेच कुणी ओळखीचे भेटले आणि त्यांनी विचारलं, पोरगा कुठे निघाला?

आबांनी घसा खाकरला. "पुण्याम्हा काय तरी बिघडेल शे," ते आजूबाजूच्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाले. "त्यास्ले सापडी नही ऱ्हायनं, म्हनीसन किशोर चालना."