शिवकन्येचे सोळा वाचक

हिंगोली जिल्ह्यात, शिरड शहापूरच्या पुढं, सिद्धेश्वर धरणाच्या कालव्याला लागून एक गाव आहे. तिथल्या वाचनालयात दिवसाला चार वाचक येतात. त्यातले दोघं पेपरातलं राशिभविष्य बघायला, एक जण पंख्याखाली डुलकी काढायला आणि चौथे सोनाजी आबा. आबांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. ते पेपर नाकाजवळ नेतात, शाईचा वास घेतात आणि शेजारच्याला विचारतात, "काय म्हणून राहिले आज?" फेब्रुवारीत हळदीची काढणी सुरू झाली की त्या चारांचेही दोन होतात.

शिवकन्या या वाचनालयाची ग्रंथपाल. वय छत्तीस. ग्रंथपाल म्हणजे कुलूप उघडणारी तीच, झाडू मारणारी तीच, एसटीनं आलेला पेपरांचा गठ्ठा सोडणारी तीच आणि वर्षातून एकदा तपासणीला येणाऱ्यांसाठी चहा टाकणारीही तीच. नवरा भागवत वारंगा फाट्यावर पंक्चरचं दुकान चालवतो. तो चिडवायचा, "तुझ्याहून जास्त लोक माझ्या दुकानात पेपर वाचून राहिले." ती हसायची, पण मनाला लागायचं.

बाई हुशार होती. ग्रंथालयाची प्रमाणपत्र परीक्षा पहिल्या वर्गात पास झालेली. जिल्ह्यातल्या ग्रंथालय कर्मचाऱ्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर रोज काहीतरी यायचं, कुठं प्रशिक्षण, कुठं भरती, कुठं कार्यशाळा. पेपरात आलेली जाहिरात ती कात्रीनं नीट कापायची आणि टेबलाच्या खणात ठेवायची. खण आता ओढताना अडायचा. त्यातल्या एकाही जागेसाठी तिनं अर्ज केला नव्हता. कधी लेकरू लहान होतं, कधी सासरे आजारी होते, कधी तारीख निघून गेली होती. कारणं काय, मागितली तेवढी मिळतात.

या जानेवारीच्या शेवटी मात्र हिंगोलीतल्या एका मोठ्या वाचनालयाची जाहिरात आली. सहायक ग्रंथपाल पाहिजे, पूर्णवेळ, बालविभाग सांभाळायला. लेकरांना गोष्टी वाचून दाखवायच्या आणि त्याचा पगार घ्यायचा! शिवकन्येनं ते कात्रण इतक्या वेळा वाचलं, की डोळे मिटले तरी अक्षरं दिसायची. ही जागा तिला हवीच होती. अट एकच आडवी येत होती. उमेदवाराच्या वाचनालयात गेल्या महिन्यात रोज सरासरी वीस वाचक आल्याचा तपासणी अहवाल अर्जाला जोडायचा होता. तपासणी दहा दिवसांवर आली होती आणि वाचक होते चार.

मग तिनं जे केलं ते करायला नको होतं. पण केलं.

वाचक नोंदवहीत पाच रकाने असतात. तारीख, नाव, येण्याची वेळ, सही आणि जाण्याची वेळ. पहिले चार वाचकानं भरायचे, शेवटचा ग्रंथपालानं. रोज सोळा नावं कमी पडत होती. गावातल्या जित्या माणसांची नावं टाकावीत तर तपासणीवाले एखाद्याला फोन लावून विचारतात. मेलेल्या माणसाला फोन लागत नाही. शिवकन्येनं कपाटावरची तीस वर्षांपूर्वीची नोंदवही खाली काढली, धूळ झटकली आणि आता हयात नसलेले पंधरा वाचक निवडले. संतराम, रत्नपाल, मंजुळाबाई, शंकरसिंग आणि असेच बाकीचे. सोळावं नाव सापडेना, तेव्हा हात न थांबवता तिनं लिहून टाकलं, ग्यानोबा.

ग्यानोबा मामा म्हणजे तिच्या आधीचे ग्रंथपाल. एकतीस वर्षं त्यांनी हे वाचनालय सांभाळलं. तरुणपणी त्यांनाही हिंगोलीत जागा मिळाली होती, पण किल्ली कुणाच्या हातात द्यायची या घोरात ते गेलेच नाहीत. शिवकन्या लग्न होऊन गावात आली, पुस्तक मागायला म्हणून वाचनालयात आली आणि मामांनी तिला हाताखाली घेऊन घडवलं. किल्ली देताना म्हणाले होते, "पोरी, तू इथं अडकून पडू नको बरं. मी पडलो ते पडलो." तीन वर्षांपूर्वी ते वारले. शेवटपर्यंत खिडकीजवळच्या बाकावर वाचक म्हणून येऊन बसायचे.

मामांची एक रीत होती. फार वर्षांपूर्वी कपाटामागं झोपी गेलेला एक वाचक रात्रभर कुलपात कोंडला गेला होता. तेव्हापासून साडेसहाला मामा दारात उभे राहून वहीतलं एकेक नाव पुकारायचे. वाचक पेपर जागेवर ठेवून बाहेर पडला, की घड्याळात बघून त्याच्या नावापुढे जाण्याची वेळ लिहायचे. सगळे गेले की मगच पायांत चप्पल. चार वाचकांना पुकारायचं काय, म्हणून शिवकन्येनं ती रीत सोडून दिली होती.

दोन दुपारी बसून तिनं महिनाभराच्या नोंदी केल्या. कधी निळं पेन, कधी काळं, सह्या काही उजव्या हातानं, काही डाव्या. जाण्याची वेळ तिच्या स्वतःच्या अक्षरात यायला हवी होती, पण दोन्ही हातांना गोळे आले होते. तो रकाना उद्या भरू म्हणून तिनं वही मिटली, कुलूप लावलं आणि घरी गेली. सोळा माणसं आत आल्याचं लिहिलं आणि बाहेर गेल्याचं लिहायचं ठेवून दिलं.

सकाळी कुलूप जसंच्या तसं होतं. आत मात्र कालचे पेपर टेबलावर पसरलेले होते आणि प्रत्येक पेपर एकाच पानावर उघडा होता. नोकरीच्या जाहिरातींच्या.

वारं असेल, असं तिनं स्वतःला सांगितलं. खिडक्या बंद होत्या हे तिलाही दिसत होतं. फेब्रुवारीतल्या सकाळी दगडी खोली गार पडलेली असते. ही उबदार होती, बरीच माणसं दाटीवाटीनं बसून गेल्यावर असते तशी. तिनं माठ काठोकाठ भरला. दुपारी बघते तर माठ अर्धा, आणि सकाळपासून दारात कुणी फिरकलेलं नव्हतं. ग्लास ओला होता.

दुसऱ्या दिवशी बाकं भिंतीपासून पुढं सरकलेली. ती मागं लोटायला गेली तर लोटवेनात. एरवी एका हातानं सरकणारं बाक. तिसऱ्या दिवशी खणातलं हिंगोलीचं कात्रण दिसेना. सगळा खण उपसला. शेवटी ते मधल्या टेबलावर मिळालं. आठवड्यापूर्वीच कापलेला कागद, पण कडा मऊ पडलेल्या, घड्यांवर झिजलेला, जागोजागी बोटांचे डाग. सोळा जणांनी आळीपाळीनं हाताळल्यावर कागदाचं असंच होतं.

अकराला सोनाजी आबा आले. उंबऱ्यावर काठी टेकली, मान आत घातली आणि तिथंच थबकले.

"आज लई गर्दी हाय वं बाई," ते म्हणाले. "बसाया जागा न्हाई."

शिवकन्या एकटी होती. सहाच्या सहा बाकं रिकामी.

"आबा, कोण दिसून राहिलं तुमाला?"

"मला कुठलं दिसतंय? पर आवाज वळखतो की. तो संतराम खाकरला. पोलिसाच्या भरतीचं वाचत असंल, दुसरं काय करतंय ते. मंजुळाबाईचं अंगणवाडीचं काम झालं का न्हाई कुणास ठावं. अन् खिडकीपाशी ग्यानोबा." आबा बोळकं पसरून हसले. "समदे जाहिराती वाचून राहिले. तवाबी तेच वाचायचे बिचारे. जाऊ दे, उद्या येतो."

ते निघून गेले. शिवकन्या खुर्चीवरून उठली नाही. आता तिला तो आवाज यायला लागला होता. पान उलटल्याचा, हलका, कधी या कोपऱ्यातून, कधी त्या. पोलीस भरतीची वाट बघणारा संतराम, कंडक्टर व्हायचं होतं तो रत्नपाल. जन्मभर 'पाहिजेत'चं पान वाचलेली माणसं तिनं परत आणून बसवली होती, आणि तीही स्वतःला नोकरी मिळावी म्हणून. भीती वाटत होतीच. त्याहून जास्त लाज वाटली.

तिनं घाईघाईनं वही ओढली आणि शेवटचा रकाना खालपर्यंत भरून काढला. सहा तीस, सहा तीस, सहा तीस. वही पूर्ण झाली. तपासणीला ठेवायला एकदम बराबर.

पण रोज सकाळी पेपर पसरलेलेच. आबा रोज दारापर्यंत यायचे आणि परत फिरायचे. तपासणीच्या आदल्या दिवशी ते थोडे चिडलेच. "किती दिस बसवून ठेवणार हाय त्यांला?"

"मी लिहिलं आबा, गेले म्हणून."

"लिहिलं! कुणी पुकारलंच न्हाई, तर ते उठतील काहून? ग्यानोबा काय करायचा इसरलीस का?"

ती विसरली नव्हती. पण पुकारायचं म्हणजे माणूस बाहेर पडताना लिहायचं, आजची तारीख, आजची वेळ. महिनाभराच्या नोंदींत उद्याच्या तपासणीला ते लपलं नसतं. भरलेली वही तशीच ठेवली असती तर हिंगोली होती, बालविभाग होता, पूर्णवेळ पगार होता. दुपारभर ती त्या कात्रणाकडे बघत बसली. मग तिनं लाल पेन घेतलं आणि सगळ्या 'सहा तीस'वरून रेघा मारल्या. रेघा मारताना ती रडत होती, हे कबूल केलं पाहिजे.

साडेसहाला ती दारात उभी राहिली. बाहेर उजेड उतरला होता, कुठंतरी हळद शिजत होती, त्याचा उग्र वास येत होता.

"संतराम."

काही झालं नाही. मग दुसऱ्या बाकाची फळी करकरली, वजन उठल्यावर करकरते तशी. पेपर ठेवल्याचा आवाज आला. तिच्या उजव्या दंडाला काहीतरी घासून गेलं आणि दारातला पडदा बाहेरच्या बाजूला फुगला. तिनं घड्याळात बघितलं आणि लिहिलं, आजची तारीख, सहा बत्तीस.

"रत्नपाल." फळी, पेपर, पडदा. "शंकरसिंग." याच्यामागं तंबाखूचा वास गेला. "मंजुळाबाई." हिच्या वेळी बांगड्या किणकिणल्या आणि शिवकन्येच्या खांद्यावर क्षणभर हात टेकल्यासारखं झालं. तिनं डोळे मिटून घेतले, पण नाव पुकारायचं थांबवलं नाही. पंधरा नावं झाली. खोली हळूहळू गार पडत गेली.

"ग्यानोबा."

काहीच हललं नाही.

"ग्यानोबा मामा." तिनं तिसऱ्यांदाही हाक मारली. "मामा, उठा ना. वेळ झाली." खिडकीजवळचं बाक गप्प. त्या एका बाकाभोवतीची ऊब तेवढी जात नव्हती. अंधार पडायला लागला, तेव्हा तिनं पानाच्या खाली लिहिलं, 'वरील सोळा नावं मी भरली आहेत,' सही केली, वही टेबलावर ठेवली आणि दाराला नुसती कडी लावून घरी गेली. कुलूप लावायला तिचा हात धजला नाही.

सकाळी तपासणीला निता मॅडम आल्या. चहा घेतला, चष्मा लावला, वही उघडली आणि लाल रेघांवरून बोट फिरवत खालपर्यंत आल्या. शिवकन्येनं सगळं सांगितलं. भुतांचं नाही, खोट्या नोंदींचं.

"ताई, स्वतःच कबूल केलंत म्हणून मी पुढं काही करत नाही," मॅडम म्हणाल्या. "पण अहवालात चारच वाचक जातील."

"जाऊ द्या, मॅडम." हिंगोली गेली. ती गेल्याचं तिला छातीत स्पष्ट जाणवलं.

मॅडमचं बोट पानाच्या तळाशी थांबलं आणि त्या हसल्या. "आणि ही नोंद कुणाची? तारीख तर चौदा वर्षांपूर्वीची आहे."

शिवकन्या वाकली. तिच्या सहीच्या खाली एक नवी ओळ होती, रात्री नव्हती ती. ठसठशीत गोल अक्षर, मामांचं. नाव, शिवकन्या. तारीख ती पहिल्यांदा पुस्तक मागायला आली त्या दिवसाची. येण्याची वेळ, दहा वाजून दहा मिनिटं. जाण्याच्या वेळेचा रकाना रिकामा.

"आत आली ती अजून गेलीच नाही की काय?" मॅडम सहज म्हणाल्या, चष्मा काढून पिशवीत ठेवला आणि गाडीकडे निघाल्या.

शिवकन्या कितीतरी वेळ त्या ओळीवर बोट ठेवून उभी होती. सगळे वाचक गेल्याशिवाय मामांनी कधीच चप्पल घातली नव्हती. आणि एक वाचक अजून आत होती.

तिनं खण ओढला. तो अडला, तिनं जोर लावून उघडला. चौदा वर्षांची कात्रणं तिनं मूठ-मूठ भरून बाहेर काढली आणि कचऱ्याच्या डब्यात टाकली. मग मोबाइल काढला. ग्रुपवर सकाळीच आलं होतं, ग्रामीण ग्रंथपालांसाठी नांदेडला सहा महिन्यांचा अभ्यासक्रम, अर्जाची मुदत शुक्रवारपर्यंत. वाचकांच्या संख्येची अट नव्हती. तिनं कोरा कागद घेतला आणि वर स्वतःचं नाव लिहिलं.

"बसा मामा," मागं न बघता ती म्हणाली. "जरा वेळ लागंल, पर या वक्ती जाते मी."

खिडकीजवळच्या बाकावर कुणीतरी पेपरची घडी घातली.