त्रेचाळिसावं वचन

"दोन दिवस कायले थांबला असन तो?"

ड्रेसरभाऊंचा हा ठरलेला प्रश्न. चष्मा कपाळावर सरकवायचा, पुस्तकात बोट अडकवून ठेवायचं आणि आमच्याकडे एकेक करून बघायचं. थांबणारा जणू आमच्यापैकीच कोणीतरी होता.

योहानाच्या शुभवर्तमानाचा अकरावा अध्याय तुम्ही वाचला नसेल तर थोडक्यात सांगतो. लाजर आजारी पडतो, त्याच्या बहिणी येशूकडे निरोप धाडतात, आणि निरोप मिळूनही येशू दोन दिवस होता तिथेच राहतो. तो पोचेपर्यंत लाजर कबरेत गेलेला असतो. पुढे येशू त्याला जिवंत करतो, पण ड्रेसरभाऊंचं घोडं त्या दोन दिवसांपाशीच अडायचं. "आमच्या दवाखान्यात मी असा थांबलो असतो तं मेमो भेटला असता," ते म्हणत. महिन्यातून एकदा येणाऱ्या पाळकसाहेबांनी त्यांना देवाच्या गौरवाचं कारण समजावून सांगितलं. ड्रेसरभाऊंनी मान डोलावली आणि चहाच्या वेळी तोच प्रश्न मला विचारला.

दवाखान्यात त्यांनी तीस वर्षं जखमा धुतल्या, पट्ट्या बांधल्या. त्यामुळे हातपाय बांधलेला लाजर बाहेर येतो, यावरही त्यांचं मत होतं. "पाय बांधून असून मानूस चालत आला म्हनजे पट्टी सैल होती. बांधनारा नवीन असन."

घाटंजीत आमची ख्रिस्ती घरं पाच. दर गुरुवारी संध्याकाळी एकेका घरी प्रार्थना. आम्ही नऊ जण सतरंजीवर गोल बसतो आणि अध्याय पाळीने वाचतो, प्रत्येकाने एकेक वचन. दुसऱ्याचं वचन घ्यायचं नाही, आपलं टाळायचं नाही, ही आमची रीत.

ड्रेसरभाऊंची मुलगी शीतल, एकुलती एक. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होती तेव्हा तिच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या. आठवड्यातून दोनदा बापलेक एसटीने यवतमाळला डायलिसिसला जात. आईची किडनी जुळली नाही. ड्रेसरभाऊ स्वतःची द्यायला निघाले, तर तपासणीत त्यांनाच शुगर निघाली. "चहात दोन दोन चमचे साखर मी खाल्ली सर, अन् शिक्षा पोरीले," एवढंच म्हणाले. मी उगाच बसच्या वेळा विचारल्या.

तेव्हापासून प्रार्थना कोणाच्याही घरी असो, अध्याय अकरावाच. कोणी हरकत घेतली नाही. ड्रेसरभाऊ सगळ्यांच्या आधी येत आणि "तुमी इकडे बसा, वहिनी तुमी तिकडे" असं करत माणसं बसवत. मला वाटायचं, ओपीडीची रांग लावायची सवय, दुसरं काय. मी शाळेत गणित शिकवतो, तरी खरी गोष्ट लक्षात यायला मला तीन महिने लागले. नऊ माणसांत सातव्या जागी बसलं की त्रेचाळिसावं वचन आपल्याकडे येतं. येशू मोठ्याने हाक मारतो, लाजरा, बाहेर ये, ते वचन. ते वाचताना ड्रेसरभाऊंचा आवाज गल्लीत ऐकू जाई, आणि शेजारी आठव्या जागी बसलेली शीतल ओढणी तोंडाशी धरून हसे. "बाबा, मी इथंच हाय," असं एकदा म्हणालीसुद्धा.

मी तिसऱ्या जागी. माझ्याकडे नेहमी एकोणचाळिसावं यायचं. त्यात येशू कबरेची धोंड काढायला सांगतो आणि लाजरची बहीण म्हणते, प्रभू, आता चार दिवस झाले, वास येत असेल. मी त्यावरून कुरकुर करायचो, की मला कधी चांगलं वचन मिळतच नाही.

एखाद्या गुरुवारी कोणी आलं नाही तर ड्रेसरभाऊ पुन्हा मोजून आपली जागा बदलत. एकदाही चुकले नाहीत.

शीतल रविवारी पहाटे गेली. सोमवारी माती झाली. गुरुवारी प्रार्थना त्यांच्याच घरी होती. आम्ही म्हटलं, आज एखादं स्तोत्र वाचू. ते म्हणाले, "नाई. अकरावाच." त्यांनी माणसं बसवली, स्वतः सातव्या जागी बसले आणि शेजारची जागा मोकळी ठेवली. त्यांनी पोरीला मोजलं होतं.

वाचन सुरू झालं. मोकळी जागा ओलांडून पाळी पुढे गेली आणि अकरावं वचन माझ्याकडे आलं. नेहमी बारावं यायचं. मी मनात हिशेब केला. आठ माणसं. एकोणचाळिसावं त्यांच्याकडे जाणार होतं आणि त्रेचाळिसावं माझ्याकडे.

मला थांबवता आलं असतं. खोकल्याचं निमित्त करून उठलो असतो, जागा बदला म्हणालो असतो. हे सगळं मला सुचलं आणि मी गप्प बसून राहिलो. रीत मोडायची मला लाज वाटली. त्या लाजेची मला आज जास्त लाज वाटते.

एकोणचाळिसावं आलं. ड्रेसरभाऊंनी आधी बोटाने ओळ पाहिली, मग माझ्याकडे पाहिलं, मग शेजारच्या जागेकडे. मातीला तो चौथाच दिवस होता. त्यांनी ते वचन शेवटपर्यंत वाचलं, चार दिवस आणि वास, काही न गाळता. सहाव्या जागेवरची त्यांची बायको उठून आत गेली.

मग माझी पाळी आली. त्या घरात ती हाक मोठ्याने मारायची माझी हिंमत झाली नाही. मी ते वचन पुटपुटलो आणि पुढच्याला खूण केली.

निघताना ते फाटकापर्यंत आले. माझ्या सायकलच्या हँडलवर हात ठेवून म्हणाले, "सर, तिथं मोठ्यानं हाक मारली असं लिहून आहे. तुमी तं हळूच वाचलं."

"घरात सगळे बसलेले, मला वाटलं..."

"एक डाव जोरात वाचून पाहाले काय जात होतं?"

ते रागावलेले नव्हते. मला ते खरंच विचारत होते.

पुढच्या गुरुवारी ते आणि त्यांची बायको, दोघंही आले नाहीत. आम्ही उरलेले सहा जण त्यांच्या घरी गेलो, तर दाराला कुलूप. शेजारच्या गॅरेजमधून चाचा हात पुसत बाहेर आले. "नेर गावाले गेले दोघं, वहिनीच्या भावाकडे. सामान घेऊन गेले. वापस यायचं काही बोलले नाहीत."

बाकीचे वळले. मी मात्र दारासमोर उभा राहून, छातीत होता तेवढा आवाज काढून हाक मारली, "ड्रेसरभाऊ."

चाचा म्हणाले, "कायले आवाज देता सर, सांगितलं ना, कोनी नाही म्हनून."