ताईंनी निरोप घेतला न्हाय, म्हणून भात करपला

आमच्या घरात भात रेडिओ ऐकून शिजतो.

ही पद्धत माझ्या बायकोची, हिराची. अकरा वाजता एका ताईंचा गप्पांचा कार्यक्रम लागायचा. दुसरं गाणं सुरू झालं की हिरा गॅसवर टोप चढवायची. शेवटी ताई म्हणायच्या, "बरं, येते मी. वेळेवर जेवून घ्या." हिरा रेडिओला म्हणायची, "ये गं बाय!" आणि गॅस बंद. शीत न् शीत मोकळं! हिरा गेली, तशी टोपाची ड्युटी मी घेतली. सुनेला हात लावू देत नाही. (तिच्यासारखं मला हे एकच काम जमतं.)

आणि एका सोमवारी त्या रेडिओवाल्यांनी कार्यक्रम सुधारला! नवी धून आणली, मानकोली नाक्यावर ट्रक रिव्हर्स घेतो तशी. ती मी सोसली. पण शेवटी "येते मी" नाहीच! धून, जाहिरात, थेट बाजारभाव. मी टोपासमोर उभा.

"बाबा, काय जळतंय?" सून वनिता ओरडली.

"गप! ताई अजून गेल्या न्हाईत!"

"कवाच गेल्या! कांद्याचा भाव चाललाय!"

मंगळवारी रेडिओचे सेल बदलले. भात करपला. बुधवारी शेजारचा पांडू, पॉवरलूमचा मिस्त्री, पाना घेऊन आला. "लूम खोलतो मी, रेडिओ काय चीज हाय!" त्याने रेडिओ खोलला, जोडला, दोन स्क्रू उरले. भात करपलाच!

वनिता म्हणाली, "बाबा, घड्याळ लावा ना."

"घड्याळ 'जेवून घ्या' म्हणतं काय?"

ती उठली. कागद-पेन घेऊन बसली. (मी चौथी नापास.) म्हणाली, "सांगा, ताईंना पत्र लिहिते." मी सांगितलं. तिने लिहिलं. पोरगी इमानदार, मी बोललो ते सगळं लिहिलं!

पंधरा दिवसांनी ताई रेडिओवर म्हणाल्या, "शेलार गावाहून एका बाबांचं पत्र आलंय." टोप गॅसवर होता, तरी वनिताने हाक मारून अख्खी आळी घरात गोळा केली. ताई वाचू लागल्या: "तुम्ही येते म्हणत न्हाय, आमचा भात करपतो. माझी बायको तुम्हाला रोज ये गं म्हणायची. वनिता, लिहितेस ना? आणि त्या पांडूला पुन्हा रेडिओला हात लावू देऊ नको, रेड्याला अक्कल न्हाय."

पांडू माझ्या मांडीला मांडी लावून बसलेला!

"रेडा काय, काका?"

"ऐक रे, ताई बोलतायत!"

ताईंनी पत्र संपवलं. मग म्हणाल्या, "बरं बाबा, येते मी. वेळेवर जेवून घ्या."

 माझ्या तोंडून कसंबसं निघालं, "ये गं बाय..." डोळे पुसत बसलो. वनिताही पुसत होती. पांडूही, रेडा असून!

तेवढ्यात पांडूने नाक वर केलं. "काका, आज तर ताई गेल्या ना येते म्हणून? मग हा वास कसला?"

ताईंचा शब्द मोडवेना. वेळेवर जेवलो. करपलेलाच.